पू की पाणी? त्वचेचा संसर्ग ओळखून हाताळायची रीत

नखाच्या कडेला सूज येते, बोट ठणकायला लागतं आणि कातडीखाली पांढुरकं काहीतरी दिसतं. नखुरडं असेल तर पू बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात ठणका ओसरतो. पण तशीच दिसणारी सूज हर्पीसच्या विषाणूचीही असू शकते. तिला चीर दिली तर पू काही येत नाही, जखम मात्र उघडी राहते, तिच्यात जीवाणू शिरतात आणि आपोआप बरं होणारं दुखणं लांबतं. म्हणून सुई, ब्लेड, मलम यांतलं काहीही हाती घेण्याआधी दोन मिनिटं नीट पाहायचं.

नखुरड्यात पू एकाच जागी, नखाच्या कडेच्या वळीत साठतो. तो दाट आणि पिवळसर असतो. बहुतेक वेळा दोन-चार दिवस आधी तिथलं सालपट ओढलेलं असतं, नख कुरतडलेलं असतं किंवा नखाच्या मुळाशी कातडी कापलेली असते. हर्पीसमध्ये आधी एक-दोन दिवस बोट चुरचुरतं, मुंग्या येतात, मग मोहरीएवढ्या पाणीदार फोडांचा घोस उठतो. हे फोड एकमेकांत मिसळून गढूळ झाले की पुवासारखे दिसतात, आणि फसगत होते ती नेमकी इथेच. त्याच सुमारास ओठावर फोड आले असतील किंवा मूल अंगठा चोखत असेल, तर हर्पीसचा संशय आधी घ्यायचा.

नखुरडं असेल तर बोट कोमट पाण्यात 10 ते 15 मिनिटं बुडवायचं, दिवसातून 3–4 वेळा. पू साठलेला दिसतोय पण एक-दोन दिवसांत वाट काढत नाही, तर डॉक्टरांकडून निचरा करून घ्यायचा. हर्पीसचं बोट कोरड्या पट्टीने झाकून ठेवायचं आणि फोड फोडायचे नाहीत. ते 2 ते 3 आठवड्यांत सुकतात. पुढे कधीतरी त्याच जागी पुन्हा उठू शकतात.

पाहताना काय पाहायचं

दिवसाच्या उजेडात, हात धुऊन पाहा. फोडात दाट पू आहे की पातळ, नितळ पाणी? पू असेल तर कल जीवाणूंकडे, पाणी असेल तर विषाणूंकडे. हा फक्त कल आहे, निकाल नव्हे: विषाणूचा फोड चार दिवसांनी गढूळ होतो आणि जीवाणूंमुळेही कधी पाण्याने भरलेले मोठे, ढिले फोड येतात. दुसरं, फोड सुटे आहेत की घोसात? एकाच लाल पायावर दाटीने बसलेले बारीक फोड ही हर्पीस गटाची ओळख आहे. तिसरं, सगळं अंगाच्या एकाच बाजूला आहे का? आणि चौथं, सगळ्यांत जास्त महत्त्वाचं: कालच्यापेक्षा आज किती पसरलं?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर आठवणीवर सोडायचं नाही. लाल भागाच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा, शेजारी तारीख-वेळ लिहा. रोज त्याच वेळी, त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. सावळ्या कातडीवर लाली लालसर दिसतच नाही, जांभळट किंवा करडी दिसते. तिथे डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवायचा. पंज्याची मागची बाजू आधी चांगल्या भागाला आणि मग दुखऱ्या भागाला लावली की ऊब लगेच कळते. कातडी ताणून चकचकीत झाली आहे का, दाबल्यावर दुखतं का, हेही पाहा.

मधासारखी खपली: इम्पेटिगो

लहान मुलांच्या नाकाखाली, ओठांभोवती आधी बारीक फोड येतो. तो इतका पातळ असतो की कोणाच्या लक्षात येण्याआधीच फुटतो. मग लस वाहते आणि वाळून मधाच्या रंगाची खपली धरते. ताप सहसा नसतो, दुखतही फारसं नाही, खाज मात्र येते. खाजवलेल्या नखांतून आजार हनुवटीवर, हातावर आणि शेजारच्या मुलावर जातो. कारण बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू असतो, कधी स्ट्रेप्टोकोकस, तर कधी दोन्ही.

लोक खपलीवर मलम चोपडतात आणि गुण येत नाही म्हणून मलम बदलतात. औषध खपलीच्या वरच राहिलं, जीवाणू खाली सुरक्षित राहिले, तर गुण येणार कुठून? क्रम असा ठेवा:

1. स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून खपलीवर 10 मिनिटं ठेवा.
2. सैल झालेली खपली साबणाच्या पाण्याने हलकेच पुसून काढा. चिकटलेली ओढू नका, पुढच्या वेळी निघेल.
3. कोरड्या कापडाने टिपून घ्या, मग डॉक्टरांनी दिलेलं म्युपिरोसिन 2 टक्के किंवा फ्युसिडिक ॲसिड 2 टक्के मलम पातळ थरात लावा. दिवसातून 2–3 वेळा, साधारण 5 दिवस.
4. हात धुवा. मुलाची नखं कापा. टॉवेल आणि उशीचा अभ्रा त्याचा एकट्याचा.

ही रीत मोजक्या चट्ट्यांसाठी आहे. चट्टे पुष्कळ असतील, वेगाने वाढत असतील, किंवा ताप असेल तर पोटातून अँटिबायोटिक लागतं. नवजात बाळाला असे फोड आले तर त्याच दिवशी दाखवायचं. शाळेत पाठवायचं ते उपचार सुरू होऊन 48 तास झाल्यावर किंवा सगळ्या खपल्या कोरड्या पडल्यावर.

एक गोष्ट पुष्कळदा राहून जाते. कातडीवरच्या स्ट्रेप्टोकोकसनंतर काही मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते, आणि तीही चट्टे बरे झाल्यावर, सुमारे 3 आठवड्यांच्या आसपास. सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवी काळपट चहासारखी किंवा कमी होणं, असं दिसलं तर डॉक्टरांना आधीचे चट्टे आवर्जून सांगा. नाहीतर दोन्हींचा संबंध कोणी जोडत नाही.

केसतूड, गळू, काळपुळी

केसाच्या मुळाशी बारीक पुळी, तिच्या मधोमध केस: हा केसाच्या मुळाचा वरवरचा दाह. दाढी करताना, घट्ट कपड्यांच्या घर्षणाने होतो. त्या जागी काही दिवस वस्तरा बंद ठेवला आणि साबणाने धुतलं की बहुतेक वेळा भागतं. संसर्ग मुळाशी खोल गेला की केसतूड होतं, पू साठून पोकळी झाली की गळू. शेजारशेजारची केसतुडं आतून जोडली जाऊन अनेक तोंडांनी पू वाहू लागला की ती काळपुळी. ही मानेवर किंवा पाठीवर जास्त येते आणि घरी हाताळायची गोष्ट नाही.

केसतुडाला शेक हाच खरा उपाय आहे. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात कापड बुडवून पिळायचं आणि 10 मिनिटं ठेवायचं, दिवसातून 3–4 वेळा. मधे कापड निवलं की पुन्हा बुडवायचं. उकळतं पाणी नको. भाजलेल्या कातडीवर आजार आणखी पसरतो. दोन-तीन दिवसांत एकतर सूज बसते, नाहीतर मधला भाग मऊ होऊन तोंड पडतं. फुटलं की पू कापडाने टिपायचा, कोरडी पट्टी लावायची आणि शेक आणखी दोन-तीन दिवस चालू ठेवायचा, म्हणजे आतला निचरा पूर्ण होतो. तोंड लवकर मिटलं तर गळू तिथेच पुन्हा भरतं. वापरलेलं कापड गरम पाण्याने धुतल्याशिवाय पुन्हा घ्यायचं नाही.

पिळायचं का नाही? दाबल्यावर पू जसा बाहेर येतो तसा आतल्या बाजूलाही ढकलला जातो, आणि सूज आजूबाजूच्या मऊ भागात उतरते. नाक आणि वरच्या ओठाच्या भागात तर हात लावूच नये. तिथल्या शिरांचा संबंध मेंदूलगतच्या शिरांशी आहे, आणि क्वचित का होईना, संसर्ग त्या वाटेने जातो. तिथलं गळू, डोळ्याजवळचं गळू, गुदद्वाराशेजारचं गळू आणि बोटाच्या पेराच्या गादीतला पू डॉक्टरांकडेच.

गळू मोठं झालं की लोक गोळ्या मागतात. भरलेल्या गळवाला गोळ्यांचा एकट्याने उपयोग होत नाही, कारण पुवाच्या पोकळीत रक्त पोचत नाही आणि औषध रक्तातूनच जाणार असतं. आधी निचरा, मग गरज असेल तर गोळ्या.

रेघ ओलांडणारी लाली: सेल्युलायटिस

हा कातडीच्या खालच्या थरातला संसर्ग. बहुधा एकाच पायावर येतो. पाय लाल, गरम, सुजलेला, दाबल्यावर दुखणारा. कधी आधी थंडी-ताप येतो आणि लाली काही तासांनी दिसते. जांघेत अवधाण येतं. दोन्ही पाय एकाच वेळी सारखेच लाल असतील तर कारण बहुधा दुसरंच असतं, उदाहरणार्थ शिरांमध्ये साचलेलं रक्त.

जीवाणू शिरले कुठून ते शोधा. पायाची बोटं, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली बेचकी, फाकवून पाहा. पांढरी, ओली, चिरलेली कातडी दिसली तर ती बुरशी. हे दार उघडं ठेवून वरच्या पायाचा कितीही इलाज केला तरी काही महिन्यांत आजार परत येतो. बुरशीचं मलम त्याच वेळी सुरू व्हायला हवं.

सेल्युलायटिसला पोटातून अँटिबायोटिक लागतंच, मलमाने तो बरा होत नाही. घरच्या माणसाच्या हातात दोन कामं: रेघ ओढून ठेवणं, आणि पाय खरोखर उंच ठेवणं. खुर्चीसमोरच्या स्टुलावर पाय ठेवला म्हणजे उंच झाला असं नाही. आडवं झोपून टाचेखाली उशा, पाय छातीच्या पातळीच्या वर. औषध सुरू केल्यावर पहिला दिवस लाली रेघेच्या थोडी बाहेर गेली तरी घाबरायचं नाही. जीवाणू मरताना दाह थोडा वाढतो. पण ताप उतरत नसेल किंवा 48 तासांनंतरही लाली पुढेच सरकत असेल तर परत दाखवायचं. लाली पूर्ण जायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि ती गेली नाही म्हणून गोळ्या स्वतःहून वाढवायच्या नाहीत.

आता ज्यात तासही वाया घालवायचा नाही अशी लक्षणं. दिसतंय थोडं पण वेदना असह्य, कातडी जांभळी-काळी पडणं, रक्ताळ फोड, जिथे दुखत होतं तिथे अचानक बधीरपणा, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर, माणूस भ्रमिष्ट, गळून गेलेला. हा मांस सडवणारा संसर्ग असू शकतो आणि त्याला शस्त्रक्रियाच लागते. डोळ्याभोवती लाल सूज येऊन डोळा हलवताना दुखत असेल किंवा दोन-दोन दिसत असेल, तर तेही थेट रुग्णालयात.

नागीण: 72 तासांचं घड्याळ

नागीण म्हणजे जुन्या कांजण्यांचाच विषाणू. कांजण्या बऱ्या झाल्या तरी तो चेतातंतूंच्या मुळाशी निजून राहतो आणि वय किंवा प्रतिकारशक्ती उतरली की एकाच चेतातंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणूनच पट्टा अंगाच्या एकाच बाजूला उठतो आणि छातीच्या किंवा पाठीच्या मधल्या रेषेशी थांबतो. तिचं तोंड आणि शेपूट जुळली की माणूस दगावतो ही भीती निराधार आहे. पट्टा मधली रेषा ओलांडून दूरवर पसरला तर ते प्रतिकारशक्ती कमी असल्याचं लक्षण असू शकतं, आणि तेवढ्यासाठी ते डॉक्टरांना सांगायचं.

फोड येण्याच्या 1 ते 5 दिवस आधी त्या पट्ट्यात आग, टोचणी, कपड्याचा स्पर्शही नकोसा होणं सुरू होतं. या काळात छातीतलं दुखणं हृदयाचं वाटतं, कमरेतलं मुतखड्याचं. मग लाल पायावर फोडांचे घोस उठतात आणि घड्याळ सुरू होतं: विषाणूरोधक गोळ्यांचा फायदा फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्या तर सर्वाधिक. प्रौढांना नेहमीची मात्रा ॲसिक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम, दिवसातून 5 वेळा, 7 दिवस. किंवा व्हॅलासिक्लोव्हिर 1 ग्रॅम, दिवसातून 3 वेळा, 7 दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून डॉक्टरांशिवाय नको. 72 तास उलटले पण नवे फोड येतच आहेत, तरीही विचारायला जायचं. ॲसिक्लोव्हिरचं मलम नागिणीवर चोळण्यात अर्थ नाही. विषाणू चेतातंतूत आहे आणि मलम तिथे पोचत नाही.

फोड कपाळावर असतील तर नाकाच्या शेंड्याकडे पाहा. तिथेही फोड असेल तर डोळ्यात उतरण्याचा धोका मोठा, कारण दोन्हीकडे एकाच चेतातंतूची फांदी जाते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. कानात फोड आणि तोंड वाकडं, हीसुद्धा तितकीच घाईची जोडी.

फोडांवर न चिकटणारी पट्टी आणि सैल सुती कपडा. आंघोळ करायची, फक्त घासायचं नाही. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण ज्याला कांजण्या कधी झाल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, त्याला फोडातल्या पाण्यातून कांजण्या होऊ शकतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत गर्भवती आणि तान्ह्या बाळांपासून दूर राहा. फोड 2 ते 4 आठवड्यांत बरे होतात. त्यानंतरही आग राहिली तर साध्या वेदनाशामकांनी फारसा फरक पडत नाही. चेतातंतूंच्या वेदनेची औषधं वेगळी असतात, ती मागायला संकोच करू नका. वयाच्या पन्नाशीनंतर नागिणीची लस घेता येते: दोन मात्रा, 2 ते 6 महिन्यांच्या अंतराने.

कांजण्या आणि ओठावरचे फोड

कांजण्यांत एकाच वेळी पुरळ, पाणीदार फोड आणि खपल्या असे सगळे टप्पे दिसतात. संसर्गानंतर 10 ते 21 दिवसांनी फोड येतात. फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून शेवटची खपली धरेपर्यंत आजार दुसऱ्याला होऊ शकतो. तापाला पॅरासिटामॉल. मुलांना ॲस्पिरिन अजिबात नको, त्याने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. आयब्युप्रोफेनही टाळा; कांजण्यांत ते घेतलेल्यांमध्ये कातडीचे गंभीर जीवाणूसंसर्ग जास्त आढळले आहेत. एखादाच फोड बाकीच्यांपेक्षा जास्त सुजला, गरम झाला, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर जीवाणू शिरले असं समजा.

ओठाच्या कडेला फोड येण्याआधी जागा चुरचुरते. ॲसिक्लोव्हिर 5 टक्के मलम लावायचं तर त्या चुरचुरीतच, दिवसातून 5 वेळा, 4–5 दिवस. फोड पूर्ण आल्यावर लावलं तर फरक नगण्य, आणि वेळेवर लावूनही जेमतेम एखादा दिवस वाचतो. फोड सुकेपर्यंत कोणाचा, विशेषतः तान्ह्या बाळाचा, मुका घ्यायचा नाही. इसब असलेल्या मुलाला अचानक एकसारखे, टोचून काढल्यासारखे गोल व्रण उठले आणि ताप आला तर तो इसबावर पसरलेला हर्पीस असू शकतो. तातडीने न्या.

चामखीळ: बारा आठवड्यांचं काम

मराठीत चामखीळ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो. मानेवर, काखेत देठाने लोंबणारा मऊ दाणा विषाणूचा नसतो आणि खाली सांगितलेलं औषध त्याच्यावर वापरायचं नाही. विषाणूची चामखीळ खरखरीत, टणक असते, आणि कातडीच्या रेषा तिच्यावरून जात नाहीत, तिला वळसा घालतात. वरचा थर घासला की काळे ठिपके दिसतात; त्या गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या. तळव्यावर भोवरी की चामखीळ हे कळत नसेल तर चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी दाबा. असं दुखलं तर चामखीळ, सरळ वरून दाबल्यावर जास्त दुखलं तर भोवरी.

रोज रात्री कोमट पाण्यात 5–10 मिनिटं भिजवा. वेगळ्या ठेवलेल्या कानशीने पांढरा मेलेला थर घासा, रक्त येईपर्यंत नाही. भोवतीच्या चांगल्या कातडीला पेट्रोलियम जेली लावा. मग सुमारे 17 टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं द्रावण फक्त चामखिळीवर, वाळू द्या, पट्टीने झाका. तळव्याच्या जाड कातडीला 40 टक्क्यांच्या पट्ट्या मिळतात. हे 12 आठवडे. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात आणि औषध बेकार म्हणतात. कातडी लाल होऊन दुखायला लागली तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा सुरू करा. चेहऱ्यावर, जननेंद्रियांवर, तिळावर किंवा मधुमेह्याच्या पायावर हे ॲसिड वापरायचं नाही. चामखिळीवरून वस्तरा फिरवला तर विषाणू रेषेत पेरला जातो. दाढीच्या भागात ओळीने उठलेल्या चामखिळी अशाच येतात. मुलांमधल्या पुष्कळशा चामखिळी एक-दोन वर्षांत आपोआप जातात, त्यामुळे दुखत नसेल तर वाट पाहणं हाही उपचारच.

मोलस्कम या दुसऱ्या एका विषाणूचे दाणे वेगळे: 2 ते 5 मिलिमीटरचे, मोत्यासारखे चकचकीत, मधोमध खळगी. मुलांमध्ये ते वर्ष-दीड वर्षात जातात. जाण्याआधी दाणा लाल होऊन सुजतो. पालक तेव्हाच घाबरून अँटिबायोटिक मागतात, पण बहुतेक वेळा ती शरीराने दखल घेतल्याची खूण असते.

ट्यूबवर काय लिहिलंय

घरात पडलेली ट्यूब लावण्याआधी घटक वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. ते संसर्गावर लावलं की लाली आणि खाज दोन दिवसांत उतरते, जंतू मात्र मोकळे वाढतात आणि आठवड्याने आजार ओळखू न येण्याइतका बदलतो. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतल्याने नवी येणारी कातडीही मरते. अँटिसेप्टिक द्रावण पाणी न मिसळता लावलं तर कातडी भाजते, आणि मग ती लाली संसर्गाची की भाजल्याची हे सांगणं अवघड होतं.

गळवं पुन्हापुन्हा येत असतील तर पुढच्या वेळी पुवाची तपासणी करून घ्या, म्हणजे कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं ते कळेल, आणि रक्तातली साखर तपासा. सुमारे 30 टक्के लोकांच्या नाकात स्टॅफिलोकोकस मुक्कामाला असतो आणि तिथून हातांवर येतो. त्यासाठी डॉक्टर 5 दिवसांचा क्रम देतात: नाकपुड्यांच्या आत म्युपिरोसिन मलम दिवसातून 2 वेळा, आणि रोज क्लोरहेक्सिडीन 4 टक्क्यांनी आंघोळ, डोळे आणि कान वगळून. याच 5 दिवसांत टॉवेल, चादरी आणि आतले कपडे रोज धुवायचे आणि वस्तरा नवा घ्यायचा. घरात आणखी कोणाला गळवं होत असतील तर त्या व्यक्तीचाही क्रम त्याच दिवशी सुरू करायचा.